तवंग काढणारा कंगवा पाण्याच्या वर: सदोष टाकीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज आपल्या सेवा केंद्राला पाचवा फोन केला. तो ठेवून लगेच हे पत्र लिहीत आहे. पाचही वेळा एकच दोष सांगितला आहे: मासे आणि प्रवाळांच्या 90 सेंटिमीटरच्या सागरी टाकीच्या मागच्या भिंतीतली खालची जाळी वरच्या कंगव्यापर्यंत (पृष्ठभागावरचं पाणी मागच्या कप्प्यात सोडणाऱ्या फटींच्या पट्टीपर्यंत) पाणी चढूच देत नाही.

आपल्याच पंपाचं ताशी 1500 लिटर पाणी सगळं खालच्या जाळीतून निघून जातं. टाकीतली पातळी कंगव्याच्या दातांखाली दीड सेंटिमीटरवर थांबते. गोठवलेल्या खाद्याचं तेल, प्रवाळांचा चिकट स्राव, प्रथिनं वरच साचतात, त्यात जिवाणू वाढतात आणि दोन दिवसांत साय धरते. प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मागच्या कप्प्यात आहे. तवंग तिथवर पोहोचतच नाही, मग तो काढणार काय? उजेड अडतो तो वेगळाच. रात्री प्राणवायू कमी आत येतो, कार्बन डायऑक्साइड कमी बाहेर जातो. पहाटे पीएच 7.8 पर्यंत घसरतो.

आज आपला तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, पाणी कमी पडलंय, बादलीभर ओता." मी विचारलं, खारं की गोडं? तो म्हणाला, "कुठलंही चालेल, पाणी ते पाणी." मी पुन्हा विचारलं, ही प्रवाळांची टाकी आहे हे माहीत आहे ना? उत्तर आलं, "मासे जिवंत आहेत ना? मग अडचण काय?" आणि फोन ठेवला. 150 लिटरच्या टाकीत 15 लिटर गोडं पाणी ओतलं तर पाण्याचा खारटपणा (हजार भागांत मिठाचे भाग) 35 वरून 32च्या खाली येतो. हा सल्ला आपल्या कंपनीच्या नावाने दिला जातो, याची मला चीड आली आहे. खारं पाणी ओतूनही उपयोग नाही: ते आधी पंपाच्या कप्प्यात जाऊन बसतं, कारण टाकीची पातळी आतल्या आडभिंतीवर ठरते.

त्याआधीचा सल्ला एअरस्टोनचा, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाचा होता. बुडबुड्यांनी तवंग फुटून पाण्यात मिसळतो, पृष्ठभागावरून ओढून काढला जात नाही, आणि दिव्यांवर मिठाची खपली चढते ती वेगळी.

दोष कुठे आहे हे मी तपासलं आहे. खालच्या जाळीवर अॅक्रिलिकची पट्टी बसवली. पाणी कंगव्यावरून पडू लागलं आणि अर्ध्या तासात पृष्ठभाग स्वच्छ झाला. पण मग दुसरा दोष दिसला. कंगव्यात 4 मिलिमीटरच्या फक्त 12 फटी आहेत. तेवढ्यातून 1500 लिटर जायला पाणी जवळपास 3 सेंटिमीटर चढतं. शेवाळाने किंवा गोगलगायीने तीन-चार फटी अडवल्या की पातळी काठाला लागते आणि मागे पंप कोरडा पडतो. सलग 20 सेंटिमीटरचा काठ दिला असता तर हेच पाणी साधारण 1 सेंटिमीटरच्या पातळ थरात गेलं असतं. तवंग ओढायला तोच पातळ थर लागतो. टाकी बनवणाऱ्यांना हे मी सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. आपलं नाव बघूनच ही टाकी घेतली होती.

मला नवा रुंद कंगवा आणि खालच्या जाळीला सरकतं झाकण हवं आहे, नाहीतर पूर्ण रक्कम परत. बादलीचा सल्ला पुन्हा नको. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पट्टीआधीचे आणि पट्टीनंतरचे फोटो, पीएचच्या नोंदी आणि पाचही फोनच्या तारखा सोबत जोडत आहे.

एक ग्राहक