केनियातल्या एल्डोरेटच्या ताईंना, त्या चपलांच्या फोटोसाठी

ताई,

व्हॉट्सअॅपवर नुसतं थँक्यू टाकून मोकळं होता येईना, म्हणून हे लांबलचक.

तुम्हाला मी आधी अर्धवटच सांगितलं होतं. लग्न होऊन प्रिटोरियाला आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या औमांनी, कपाटातून एक लाकडी डबी काढून दाखवली. झाकणावर चाकूने कोरलेलं, अहमदनगर, १९०२. घरात कोणालाच ते गाव कुठलं माहीत नव्हतं, कोणी म्हणे सिलोन, आणि मी नगरची! आमच्याकडे किल्ला म्हटलं की नेहरू, पण त्यांच्या चाळीस वर्षं आधी तिथे बोअर कैदी होते, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढलेले डच वंशाचे शेतकरी, हे शाळेत कोणी सांगितलंच नाही.

डबी औमांच्या आजोबांची. मे १९०२ मध्ये लढाई संपली, ते इंग्रजांच्या राजाशी निष्ठेच्या कागदावर सही करून परत गेले तर शेत जळालेलं, बायको आणि दोन मुलं इंग्रजांच्या कैदछावणीत गेलेली. त्या छावण्यांमध्ये २६ हजारांवर बायका-मुलं मेली, त्यातली ही तीन. उरली पाच वर्षांची एक मुलगी, औमांची आई. तिला मावशीकडे ठेवून हा माणूस उत्तरेला निघून गेला तो गेलाच.

औमा आता ८८ च्या. तीन वर्षं शोधतोय आम्ही. एका एजन्सीने भरपूर पैसे घेऊन छान रंगीत वंशवृक्ष पाठवला, तो त्याच आडनावाच्या भलत्याच माणसाचा. एका ऑफिसातल्या साहेबांनी फाईल न उघडताच "रेकॉर्ड नाही" सांगितलं, वर मलाच विचारलं की तुमचा यांच्याशी काय संबंध. असो.

आणि तुम्ही. ना ओळख ना पाळख, नैरोबीच्या एका मैत्रिणीची मैत्रीण. तुम्ही चर्चच्या रजिस्टरचं ते पान पाठवलंत, १९११ चा बाप्तिस्मा, मुलाचं जन्मगाव अरुशा, आणि सगळं जुळलं. म्हणजे आधी जर्मनांच्या मुलखात, आताच्या टांझानियात, तिथे दुसरं लग्न, मग सीमा ओलांडून केनियात, वासिन गिशूच्या पठारावर, जिथे १९०८ ला फान रेन्सबर्गचा बोअर लोकांचा जथा बैलगाड्या घेऊन चढला होता. तुमच्या गावाला लोक अजून सिक्स्टी फोर म्हणतात ते जुन्या ६४ नंबरच्या फार्मवरून, हेही तुमच्याकडूनच कळलं. गंमत बघा, ज्या इंग्रजी झेंड्यापासून पळाला त्याच झेंड्याखाली जाऊन शेती केली. औमांना हे जरा लागलं, पण मला वाटतं जमीन मिळत होती, पोरं लहान होती, माणूस काय करणार.

पण हे पत्र त्या पानासाठी नाहीये. तुम्ही मक्याच्या शेतात शिरून त्याचा दगड शोधलात, बाटलीतल्या पाण्याने धुतलात, फोटो काढलात. फोटोत डाव्या कोपऱ्यात, चिखलात, तुमच्या चपला. नीट जोडून ठेवलेल्या. औमांनी फोटो मोठा करून विचारलं, ही कोणाची पायताणं? मी सांगितलं, आमच्यात अशा ठिकाणी चपला काढतात. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिथे काटे असतील ना गं.

ना जातीचा, ना धर्माचा, शंभर वर्षांपूर्वी गेलेला परका माणूस, बघायलाही कोणी नाही, आणि तुम्ही चपला काढल्यात. तीन वर्षांत भेटलेले सगळे टायवाले एका पारड्यात टाकले तरी त्या चपला जड होतील.

फोटो फ्रेम करायला दिला तेव्हा दुकानदार म्हणाला, कोपऱ्यात कोणाच्या तरी चपला आल्यात, कट करून देतो. औमा त्याच्यावर अशा खेकसल्या की मलाच त्याला सॉरी म्हणावं लागलं. आता फ्रेम डबीशेजारी आहे. चपलांसकट.

तुमची,
नगरची, हल्ली मुक्काम प्रिटोरिया