माझ्या वडिलांची वही वाचणाऱ्या तंत्रज्ञास

सप्रेम नमस्कार.

आपली परवानगी न घेता हे पत्र लिहीत आहे, म्हणून आपले नाव त्यात घातलेले नाही. तरीही ते आपल्यासाठीच आहे हे वाचताच आपल्या ध्यानात येईल, कारण ग्राहकाची वही मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसणारे तंत्रज्ञ फार नसावेत.

काल माझे वडील त्यांच्या धाकट्या बहिणीशी व्हिडिओवर पोटभर बोलले. बोलणे चालू असताना एकदाही त्यांनी माझ्याकडे वळून ‘काय म्हणाली ती?’ असे विचारले नाही. आपण आमचे इंटरनेट दुरुस्त करून गेल्यानंतरचे हे चित्र आपल्यापर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी तरी लिहिणे भाग होते.

वडिलांना श्रवणयंत्र लावूनही फार थोडे ऐकू येते. समोरच्याचे बोलणे ते निम्मे कानांनी आणि निम्मे ओठांवरून टिपतात. इतरांच्या दृष्टीने व्हिडिओ अर्धा सेकंद अडकणे म्हणजे किरकोळ त्रास असतो. चित्र थांबले तरी आवाजावर भागते आणि बोलणे पुढे सरकते. वडिलांचे मात्र त्या अर्ध्या सेकंदात अख्खे वाक्य निसटते, आणि आवाज पुढे व ओठ मागे अशी गत झाली की उरलेलेही हाती लागत नाही. संध्याकाळच्या वेळी असे वारंवार होऊ लागले, तसे ते हळूहळू फोन घेणेच टाळू लागले. ‘मी बरा आहे म्हणून सांग’ असे मला सांगून ते आतल्या खोलीत जात. इंटरनेट मंद असण्याची ही आमच्या घरातली किंमत होती, आणि ती कोणत्याही चाचणीच्या आकड्यात दिसत नव्हती.

आपल्याआधी जे आले त्यांच्याविषयी लिहिताना मी शब्द जपून वापरत आहे, पण लिहिणे टाळणार नाही. एकांनी राउटरपाशी उभे राहून भर दुपारी स्पीड टेस्ट केली, ‘स्पीड फुल येतोय, आमच्या बाजूने काही प्रॉब्लेम नाही’ असे सांगितले, आणि ते जिना उतरून जायच्या आत तक्रार निकाली निघाल्याचा संदेश माझ्या मोबाईलवर आला. दुसऱ्यांनी मोठा प्लॅन घ्यायला लावला. त्याने दुपारचा आकडा वाढला, संध्याकाळ होती तशीच राहिली. तिसऱ्यांनी मधल्या बोळात रिपीटर, म्हणजे राउटरचा वाय-फाय सिग्नल पुढे पोहोचवणारे उपकरण, बसवला. त्यामुळे वडिलांच्या खोलीत सिग्नलच्या रेघा पूर्ण भरल्या, पण तो रिपीटर एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुन्हा बोलणारा असल्याने खरा वेग जवळपास निम्म्यावर आला आणि चित्र पूर्वीपेक्षा अधिक अडकू लागले. या सर्वांची तांत्रिक चूक मी एक वेळ विसरेन. परंतु ज्यांना त्रास होत होता ते गृहस्थ समोर खुर्चीत बसलेले असताना, त्यांच्याकडे एकदाही न पाहता ‘आजोबांना नक्की काय होतं?’ असे मला विचारले गेले, ते विसरणे मला जमत नाही.

वडिलांनी वही ठेवली होती. चित्र अडकले की वेळ, कोणाशी बोलत होतो, आणि कोणत्या शब्दाशी अडकले, असे तीन रकाने त्यांनी पट्टी घेऊन आखले होते. आधीच्या प्रत्येकापुढे त्यांनी ती वही धरली, आणि प्रत्येकाने मान हलवून ती टेबलावर तशीच ठेवली.

आपण आलात, तेव्हा राउटर कुठे आहे हे विचारण्याआधी आपण एक खुर्ची ओढलीत आणि वडिलांसमोर बसलात. मग ती खुर्ची आपण थोडी फिरवलीत. तेव्हा मला त्याचे कारण कळले नाही. नंतर कळले, की खिडकी आपल्या पाठीमागे येत होती आणि चेहरा अंधारात जात होता. उजेड चेहऱ्यावर येईल असे बसून, ओरडून नव्हे तर स्वच्छ आणि सावकाश, आपण त्यांना विचारलेत, “वही पाहू का?” एका एका ओळीवर बोट ठेवून आपण ती वाचलीत, मध्येच थांबून ‘ही वेळ नक्की का?’ असे त्यांनाच विचारलेत, आणि काही नोंदींच्या शेजारी त्यांच्याच पेन्सिलने बारीक खुणा केल्यात. वडिलांची मान त्या वेळी ताठ झाली होती. आपण त्यानंतर काहीही दुरुस्त न करता निघून गेला असतात, तरी मी आपले आभारच मानले असते.

खुणा केलेल्या सगळ्या वेळा घरातली माणसे बाहेरून परतण्याच्या होत्या. त्या वेळी प्रत्येकाचा फोन घरच्या वाय-फायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो व चित्रफिती मुकाट्याने वर चढवू लागतो. आपण लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पिंग, म्हणजे छोटासा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो याची चाचणी, सुरू केलेत आणि पडदा वडिलांकडे वळवलात. एकाखाली एक ओळी पडत होत्या: १४ मिलिसेकंद, १३, १५. मग आपण एक मोठी फाईल अपलोडला लावलीत, आणि त्याच ओळी २०० वर, ४०० वर, ८०० च्याही पुढे गेल्या. शेजारी सुरू ठेवलेल्या व्हिडिओत माझ्या बहिणीचा चेहरा गोठला. “हेच! हेच मी सांगत होतो,” असे वडील म्हणाले. आपण म्हणालात, “तुमचं बरोबर होतं, काका.” इतके महिने कोणी उच्चारले नव्हते ते वाक्य आपण सहज बोलून गेलात.

डाउनलोडचा वेग पुरेसा असूनही बोलणे का तुटते, हे त्या संध्याकाळी मला प्रथमच नीट समजले. अपलोडची वाट अरुंद असते. ती भरली की पुढची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, उपकरणाच्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, थांबून राहतात, आणि एकच खिडकी उघडी असलेल्या कार्यालयात कागदांचे गठ्ठे घेऊन आलेल्या माणसामागे एका सहीसाठी आलेला माणूस जसा ताटकळतो, तसे बोलण्याचे चिमुकले पॅकेट फोटोंच्या ढिगामागे ताटकळते. आवाजासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. आमच्याकडे नुसत्या रांगेतच त्याच्या कितीतरी पट वेळ जात होता. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या अखेरीपासून ते जाहीरपणे मांडले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांगेतला विलंब आटोक्यात ठेवणारी ‘कोडेल’ ही पद्धत दिली, आणि तिच्यावर उभी असलेली ‘एफक्यू-कोडेल’ २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. हे वाचल्यावर मला आधीच्यांचा राग नव्याने आला. उपाय इतकी वर्षे उघड्यावर पडलेला असताना लोकांना मोठे प्लॅन विकले जातात.

आपण राउटरमध्ये अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या क्षमतेपेक्षा थोडी खाली बांधलीत, म्हणजे रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते आणि त्याला प्रत्येकाला आळीपाळीने वाट देता येते. रिपीटर काढून टाकलात. लोखंडी कपाटामागे दडलेला राउटर उघड्यावर आणलात, २.४ गिगाहर्ट्झवरचे वाय-फाय गर्दीतून काढून मोकळ्या चॅनेलवर, म्हणजे कमी वापरातल्या पट्ट्यावर, ठेवलेत. वडिलांच्या टेबलापर्यंत मात्र आपण सरळ केबल ओढलीत. “ज्याला एक क्षणही चुकवून चालत नाही, त्याला तारेवर ठेवायचं,” हे आपले म्हणणे मी जपून ठेवले आहे. शेवटी पुन्हा तीच फाईल अपलोडला लावलीत. पिंग ३० च्या आसपास राहिला, आणि तो आकडाही आपण आधी वडिलांना दाखवलात, मग मला.

सौजन्य म्हणजे गोड बोलणे, असा समज असतो. गोड तर आधीचे सगळेच बोलले. तक्रार नोंदवून घेणाऱ्या दूरध्वनीवरच्या आवाजाइतका गोड आवाज मी क्वचितच ऐकला असेल. आपल्या वागण्यातले सौजन्य वेगळ्या जातीचे होते. समोरचा माणूस आपल्या त्रासाचा जाणकार आहे, त्याला यंत्राचे शब्द येत नसले तरी त्याची नोंद हा पुरावा आहे, असे आपण मनापासून धरून चाललात. रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकणारा डॉक्टर आणि मुलाची शंका शेवटपर्यंत पोहोचू देणारा शिक्षक यांच्याविषयी जो आदर वाटतो, तोच मला आपल्याविषयी वाटतो, आणि आपल्या कामाच्या पावतीवर हे लिहायला रकाना नव्हता याची मला खंत आहे.

आपल्या वरिष्ठांना मी वेगळे पत्र पाठवले आहे. त्यात मी लिहिले आहे, की आपण आमच्याकडे नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबलात, आणि त्याचा हिशेब आपल्याकडे मागितला जाऊ नये. उलट घरी येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला लाइनवर भार असताना पिंग तपासायला सांगावे. त्यांचे उत्तर आले की कळवीन. दरम्यान वडिलांचा आपल्याला एक निरोप आहे: आत्याकडूनही कधीकधी चित्र अडकते, असे त्यांच्या लक्षात आले असून, तिने अपलोड चालू ठेवून पिंग कसा पाहावा हे ते तिला फोनवर समजावून सांगत आहेत. एखादी पायरी चुकते आहे का, एवढे सवडीने पाहून सांगावे, अशी त्यांची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
वही लिहिणाऱ्यांचा मुलगा