कौपिनेश्वराचं देणं

नौपाडा, ठाणे

प्रिय बंड्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच.

आईचं कपाट आवरताना जुनं कालनिर्णय सापडलं. पाठीमागे दुधाचा हिशोब आणि त्याखाली पेन्सिलीने: 'यांचं ऑपरेशन नीट झालं तर शेवंताच्या पोरीची फी, बारावीपर्यंत. कौपिनेश्वराला बोलले.' बाबा आता रोज तलावपाळीला चकरा मारतात. आई गेली. आमच्या कामवाल्या शेवंताला काही पत्ता नाही, बाबांनाही नाही. ठाऊक होतं ते आईला आणि तुझ्या देवाला.

हसू नकोस. 'देव नाही तर कोण कुणाचं काय लागतं?' हे तुझं पालुपद. मी आगरकरांचं नाव काढलं की तू चिडायचास. (वडापावचे पैसे मात्र देव असूनही बुडवलेस.) मग मी सॉक्रेटिसला पुढे करायचो: देवांना आवडतं म्हणून ते पुण्य, की पुण्य आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं धरलं तर उद्या त्यांना चोरी आवडली की चोरी पुण्य. दुसरं धरलं तर देवांचं कामच काय? तू म्हणायचास, देवाचा स्वभावच चांगला. अरे, पण स्वभाव चांगला हे ठरवायला चांगलं काय ते आधी कळायला नको? आणि तुझे मीमांसक बघ, वेदातल्या कर्मकांडाचे कट्टर पुरस्कर्ते. जैमिनीचा धर्म वेदाच्या आज्ञेतून येतो आणि त्या वेदाला कर्ताच नाही, देवसुद्धा नाही. कुमारिल तर जग निर्माण करणारा ईश्वरच खोडून काढतो. कर्मकांडात मात्र तसूभर सूट नाही!

माझं अडलंय भलतीकडेच. शेवंताला शब्द दिला असता तर देणं तिचं, प्रश्न मिटला. इथे ज्याला शब्द दिला तो माझ्या लेखी नाहीच. दया म्हणावी तर बिल्डिंगमध्ये कामवाल्यांच्या आणखी पोरी आहेत, त्यांच्या फीने माझी झोप उडत नाही. मी म्हणतो, देव नुसता साक्षीदार. नोटरी मेला म्हणून करार रद्द होत नाही. यावर बायको विचारते, 'मग आईंनी करार केला कुणाशी?' मी पेपर उघडतो.

तुझी नागपूरला बदली झाल्याचं कळलं. उन्हाळा सांभाळ. चिनूच्या दहावीचं कळव.

फी जूनमध्ये भरणार आहे. शेवंताला सांगू काय, ते लिही. नवस सांगितला तर श्रेय कौपिनेश्वराला, मनात आलं म्हणून भरली म्हटलं तर ते खोटं.

तुझा,
सुध्या