राजाच्या नाटकघरातले दोर

तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर
तान्हा पोळा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात मी गावी परतलो. माझ्या गैरहजेरीत धाकट्या भावाने भाताचे रोवणे वेळेवर आटोपले, त्यामुळे शेताची काळजी राहिली नाही आणि तुला सविस्तर लिहायला आज दुपारी निवांतपणा मिळाला. लेकीच्या घरचे दिवस आणि रात्री दहापर्यंत रेंगाळणारा तिथला उजेड यांविषयी भेटीत सांगेन. हे पत्र एकाच गोष्टीसाठी आहे. स्वीडनमधल्या स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातले जुने नाटकघर मी पाहिले, आणि तिथे सारा वेळ तुझी उणीव भासली. पडद्याचा दोर ज्याने हाताने ओढला आहे त्याला तिथे काय दिसते, ते लेकीला समजावून सांगणे मला जमले नाही.

शहरातून आम्ही बोटीने गेलो. राजवाडा तळ्याच्या काठावर, एका बेटावर आहे. नाटकघराची इमारत बाहेरून इतकी साधी आहे, की आत रंगमंच असेल असे वाटतही नाही. आधीचे नाटकघर १७६२ साली प्रयोग चालू असतानाच जळाले, म्हणून लुइसा उलरिका या राणीने १७६६ साली हे नवे उभारून घेतले. जळाल्याचे ऐकले तेव्हा मला आपल्या गावच्या नाटकाच्या मंडपातली गॅसबत्ती आठवली. बांबूच्या तट्ट्याला धग लागू नये म्हणून तू पाण्याची बादली घेऊन रात्रभर विंगेत बसून राहायचास.

आत शिरल्यावर प्रथम सगळे संगमरवरी वाटते, पण तिथे संगमरवर जवळजवळ नाहीच. लाकूड, गिलावा, कागदाचा लगदा आणि रंग एवढ्यावर सारा थाट उभा केलेला आहे. पैशाची तंगी होती, आणि आडेलक्रान्ट्स या वास्तुशिल्पकाराने काही खर्च स्वतःच्या पदरचा केला, असे माहिती देणाऱ्या मुलीने सांगितले. मला त्यात उणेपणा मुळीच वाटला नाही. कापडावर चुना आणि रंग चढवून राजवाडा उभा करणारे आपले पेंटर तरी दुसरे काय करत होते? बाकांवर मात्र कोणत्या दर्जाच्या माणसाने कुठे बसावे ते लिहून ठेवलेले आहे, नोकरचाकरांची जागा वेगळी. ते मला खटकले. आपल्याकडे तनसीवर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, जो आधी येईल तो पुढे बसतो, हेच मला बरे वाटते.

आता खरी गोष्ट सांगतो. रंगमंच सुमारे २० मीटर खोल आहे. मंडईच्या जत्रेतले आपले तीन रंगमंच एकामागे एक ठेवले तरी ती खोली भरेल की नाही, याची शंका आहे. दोन्ही बाजूंना रंगवलेल्या विंगांच्या रांगा आहेत, आणि मागच्या विंगा पुढच्यांपेक्षा लहान असल्यामुळे रस्ता किंवा वन दूरवर गेल्यासारखे दिसते. प्रत्येक जागी वेगवेगळ्या दृश्यांच्या विंगा एकीशेजारी एक अशा असतात. या विंगा रंगमंचाखालच्या तळघरातल्या गाड्यांवर बसवलेल्या आहेत, आणि त्या सर्व गाड्यांचे दोर एका मोठ्या उभ्या लाकडी खांबाला जोडलेले आहेत. खांबाला दांडे आहेत. तेलघाण्याभोवती फिरावे तशी माणसे ते दांडे धरून फिरली, की एक दृश्य बाजूला सरते आणि त्याच क्षणी दुसरे आत येते. पडदा पाडावा लागत नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काही सेकंदांत, राजवाड्याचे अरण्य होते. ही यंत्रणा दोनातो स्तोपानी या इटालियन कारागिराची असून ती आजही माणसांच्या हातांनीच चालते. तळघरात आम्हांला उतरता आले नाही. पण संध्याकाळी लेकीने मागच्या बाकावरची तिकिटे काढली होती, आणि संगीतनाटक चालू असताना पहिल्यांदा दृश्य बदलले तेव्हा लाकडाची करकर माझ्या कानांपर्यंत आली. गाणाऱ्यांकडे माझे लक्ष राहिले नाही. खाली कोणीतरी दांड्याला छाती लावून जोर देत आहे, एवढेच मनात घोळत राहिले.

मेघगर्जनेसाठी तिथे दगड भरलेली लाकडी पेटी आहे. ती कलती केली की दगड घरंगळतात आणि आभाळ गडगडते. आपण टिनाचा पत्रा हलवत होतो, त्याचा आवाज मात्र मला अजून अधिक खरा वाटतो. वाऱ्यासाठी पट्ट्यांचे पिंप कापडावर घासत फिरवतात, आणि समुद्रासाठी पिळाच्या आकाराचे लांब लाकडी दंड आडवे मांडून हाताने गरगर फिरवतात, तेव्हा लाटा पुढे सरकताना दिसतात.

राणीनंतर तिचा मुलगा तिसरा गुस्ताव याने हे नाटकघर गाजवले. तो स्वतः नाटके लिहीत असे. १७९२ साली स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात, मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात, त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर राजवाड्यातले नाटकघर मागे पडले आणि पुढे अडगळीची खोली म्हणून वापरले गेले. त्या शंभरावर वर्षांत इतर ठिकाणी गॅसचे दिवे आले, वीज आली, नवी यंत्रे आली. इकडे कोणी फिरकलेच नाही, म्हणून काही मोडलेही नाही. १९२१ साली आग्ने बेयर नावाचा अभ्यासक एक चित्र शोधत तिथे आला, आणि धुळीखाली त्याला विंगा, पडदे, यंत्रे जशीच्या तशी सापडली. पुढच्याच वर्षी तिथे पुन्हा प्रयोग झाला. त्यासाठी झाडलोट केली, विजेचे दिवे बसवले आणि जुने दोर बदलले. मित्रा, लाकूड टिकले, रंग टिकला, दोर तेवढे गेले! आज मूळ पडदे जपून ठेवतात आणि प्रयोगात त्यांच्या नकला वापरतात.

हे ऐकल्यापासून आपल्या मंडळाचे पडदे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आता नाटक कंपन्या वडसा गावाहून स्वतःचे सामान घेऊन येतात, त्यामुळे गेल्या कित्येक मंडयांत आपली पडद्यांची पेटी उघडलेली नाही. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा आणि तो मोरांचा राजवाडा, तिघेही समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आहेत, आणि या पावसात ती खोली गळली असावी असा मला संशय आहे. पेटीची किल्ली तुझ्याकडेच आहे ना? नसेल तर कुलूप तोडू. ऊन पडू लागले की दोन दिवसांसाठी ये. पडदे अंगणात पसरून वाळवू, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा गुंडाळू, आणि दोर कुजले असतील तर ब्रह्मपुरीहून नवे आणू.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
विंगेतला सोबती