बहिणीच्या, बायडीच्या नर्सिंग प्रवेशाबद्दल

कोल्हापूर

ती. आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय अर्धवट राहतो, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. बायडीला नर्सिंगला घालायचं हे आपलं ठरलंय. पण ओढ्याकडचे दहा गुंठे विकायचा व्यवहार आणि वर्षात नर्स करून देतो म्हणणाऱ्या गारगोटीच्या त्या माणसाला द्यायचे पैसे, दोन्ही तूर्त थांबवा.

तो म्हणतो तसा एका वर्षात कुणी नर्स होत नाही. नर्स म्हणून नाव लागतं ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कोर्सच लागतो. एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स, 2 वर्षांचा; जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि बाळंतपणाचा डिप्लोमा, 3 वर्षांचा; बीएस्सी नर्सिंग, म्हणजे पदवी, 4 वर्षांची. वर्षभराचं सर्टिफिकेट घेतलेल्या मुली लहान दवाखान्यांत राबतात, पण पगार मदतनिसाचा मिळतो आणि सरकारी भरती निघाली की त्यांना फॉर्मच भरता येत नाही. बायडीच्या आयुष्यात असं व्हायला नको.

तिची बारावी आर्ट्सची, त्यामुळे बीएस्सी नर्सिंग होणार नाही. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. जीएनएमला मात्र आर्ट्सची मुलगीही चालते; बारावीला इंग्रजी आणि किमान 40 टक्के हवेत. पुढे तिला वाटलंच तर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी, 2 वर्षांत करता येते. तेव्हा जीएनएमच बघायचं.

सुट्टीच्या दिवशी मी आणि बायडी नर्सिंगच्या शाळा बघायला जातोय. एका ठिकाणी इमारत झकास, रिसेप्शनला एसी. प्रॅक्टिकलची खोली उघडून दाखवली तर शिकायचा पुतळा अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. हॉस्पिटल कुठाय विचारलं तर म्हणाले, टायअप आहे. कुणाशी, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वर फीशिवाय काही रक्कम रोख द्या म्हणाले, तिची पावती मिळणार नाही. तिथून आम्ही सरळ निघालो.

दुसरीकडे इमारत जुनी, पण शाळेचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल मागेच आहे. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी ड्युटी संपवून चहाला आली होती. बायडीनं विचारल्यावर तिनं पिशवीतून आपली नोंदवही काढून दाखवली. किती बाळंतपणं नुसती पाहिली, किती स्वतःच्या हातानं केली, प्रत्येकापुढे तारीख आणि सिस्टरची सही. बायडी ती वही किती तरी वेळ चाळत होती. मला तरी शाळेची खरी परीक्षा तिथंच झाली असं वाटलं.

आई, इथल्या सीपीआर हॉस्पिटलला तुझं ऑपरेशन झालं तेव्हाची रात्र आठव. तुझा हात सुजला होता आणि मला वाटत होतं, सलाईन चालू आहे म्हणजे ठीक आहे. सिस्टर शेजारच्या पेशंटकडे निघाल्या होत्या. जाता जाता त्यांची नजर पडली, लगेच सलाईन बंद केलं, सुई काढली आणि दुसऱ्या हाताला लावली. तू झोपेतच होतीस. ती नजर वॉर्डात पेशंटजवळ उभं राहूनच येते. म्हणून खाटा किती, पेशंट किती, हे मी सगळीकडे आधी विचारतो, फी नंतर.

आता पैशाचं. आबा, जमीन विकून तीन वर्षांची फी एकदम उभी करायची गरजच नाही, फी वर्षावर्षाला भरायची असते. त्या दहा गुंठ्यांतल्या वैरणीवर दोन म्हशी आहेत आणि गोकुळच्या दूध बिलावर तुमचं घर चालतंय. ते मोडू नका. शैक्षणिक कर्ज काढू. 4 लाखांपर्यंत बँक साधारणपणे तारण मागत नाही, पालकांची सहकर्जदार म्हणून सही लागते. कोर्स आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, ते मी दर महिन्याला पगारातून भरत जाईन, म्हणजे रक्कम फुगणार नाही. फाउंड्रीत ओव्हरटाइम मिळतोय सध्या. शिवाय बँक कर्ज देण्याआधी शाळेची मान्यता तपासते, हाही एक आधार आहे.

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर सरकारी शिष्यवृत्ती हातची जाते, त्यामुळे मेरिटवर, शासनाच्या प्रवेश फेरीतूनच जायचं. आणि फी म्हणजे नुसती फी नव्हे. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं, परीक्षा फी, गावोगावच्या आरोग्य केंद्रांत जायचा प्रवास, सगळं मिळून तीन वर्षांचं मी शाळेच्या लेटरहेडवर लिहून मागितलंय.

आई, पोरीच्या नावावर कर्ज असलं तर स्थळं कशी येणार, असं तू म्हणालीस. तुझी काळजी मला कळते. पण हे शिक्षणाचं कर्ज आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. येईल त्या स्थळाला पहिल्याच भेटीत सांगू. ज्यांना ते खुपेल, त्यांच्या घरी आपली बायडी द्यायचीच कशाला?

आबा, तुम्ही उत्पन्नाचा दाखला तेवढा काढायला टाका, तलाठ्याकडे गर्दी व्हायच्या आत. जातीचा दाखला ट्रंकेत निळ्या फाइलीत आहे. बायडीची मूळ मार्कशीट कुणी मागितली तरी पोच घेतल्याशिवाय हातात देऊ नका. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. सोमवारी रजा टाकलीय, तेव्हा तिघं मिळून बँकेत जाऊ.

तुमचा,
दादू