आम्ही पोरके झालो नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेचा पालक संघ राष्ट्रीय महासंघातून बाहेर पडल्याची बातमी काल आपल्या अंकात वाचली. बातमी खरी आहे. पण 'पालक पोरके' हा मथळा फार लागला. दोन वर्षे मी या संघाचा खजिनदार होतो, म्हणून लिहितो.

सभासदांची यादी आणि वर्गणी 15 जूनच्या आत दिल्लीला पोचलीच पाहिजे, असा महासंघाचा नियम. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी शेवटी उघडतात, हे आम्ही तीन पत्रांत कळवले. 15 जूनला शाळेच्या फाटकाला कुलूप असते, यादी करणार कोणाची? दर वेळी एकच उत्तर आले, नियम सर्वांना सारखा. आणि दरवर्षी 500 रुपये दंड.

इतवारीत मसाल्याच्या चक्कीवर काम करणाऱ्या एका ताईंनी वर्गणीचे 100 रुपये दहा-दहाच्या नोटांत आणून दिले होते. नोटांना हळद लागलेली. पावती घेताना म्हणाल्या, "भाऊ, पोरायच्या पाण्याचं तेवढं पाहजा." त्या शंभरातले 40 दिल्लीला गेले, वर दंड भरला तो वेगळा. पाण्याचा कूलर त्या वर्षी आलाच नाही. एप्रिलात पारा 43 वर गेला तेव्हा आम्ही चार पालकांनी घरचे माठ नेऊन व्हरांड्यात ठेवले. ताई फाटकाशी भेटल्या की मला मान वर करवत नसे.

खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो तो राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यामुळे. प्रत्येक पालक त्याचा सभासद, कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे, आणि फीवाढीचा प्रस्ताव शाळेने याच समितीपुढे ठेवायचा. हे सगळे आजही जागच्या जागी आहे. मग पोरके कोण झाले?

आमचेही एक चुकले. ठरावाच्या सभेची सूचना नुसती फळ्यावर लावली, त्यामुळे पुष्कळ पालकांना ती कळलीच नाही. सभा पुन्हा घ्या, हात वर करून मोजा, असे मी नव्या समितीला सांगितले आहे.

जाता जाता आणखी एक. शाळेसमोरचा सिमेंट रस्ता फाटकापेक्षा वीतभर उंच झाला आहे. गेल्या पावसाळ्यात पहिलीच्या वर्गात पाणी शिरले, दप्तरे बाकांवर रचावी लागली. महासंघाने 'स्थानिक बाब' म्हणून पत्र परत केले. आपल्याकडेही याविषयी लिहिले होते, ते छापून आले नाही. एक जोराची सर आली की आपल्या बातमीदाराला शाळा सुटायच्या वेळी पाठवा. मी फाटकाशीच उभा असेन.

आपला,
एक पालक, महाल, नागपूर