आईचा श्वास हलका करणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

आईला जाऊन चार महिने झाले. आपले आभार मानायचे राहून गेले होते, आणि ते केवळ घरात बोलून मोकळे होण्यासारखे नाहीत. ज्यांच्या घरी आज कोणी फुफ्फुसाच्या कर्करोगामुळे धापा टाकत बसले आहे, त्यांनाही हे वाचता यावे, म्हणून हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

आपण पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही भाऊ-बहीण दर दहा मिनिटांनी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होतो, आणि यंत्रावर ९५ दिसत असूनही तिचा जीव का घाबरा होतो हे आम्हाला कळत नव्हते. आपण यंत्राकडे पाहिलेत, ते बाजूला ठेवलेत आणि तिलाच विचारलेत, "काकू, दिवसभरात सगळ्यांत जास्त दम कधी लागतो?" आई म्हणाली, "अंघोळीला." तोवर हे आम्ही कोणीच तिला विचारले नव्हते. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असूनही माणसाला दम लागू शकतो आणि अशा वेळी नळीतून दिलेल्या ऑक्सिजनाचा फारसा उपयोग होत नाही, हे आपण समजावून सांगितलेत, तेव्हा भाड्याने आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरवरची, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रावरची, आमची सारी भिस्त सुटली. त्याच्या जागी आपण मोरीत प्लास्टिकचे स्टूल ठेवायला लावलेत, बंद खिडक्या उघडल्यात आणि टेबलफॅनचा झोत थेट तिच्या चेहऱ्यावर येईल असा लावलात. गालांना आणि नाकाजवळ गार वारा लागला की तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो आणि श्वासाची तगमग कमी वाटते, असे आपण सांगितलेत. समोरच्या टेबलावर उशा रचून त्यांवर कोपरे टेकवून पुढे झुकून बसणे, आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडणे, हे तर आईने दोन दिवसांत आत्मसात केले.

तरीही पुढच्या आठवड्यात धाप वाढली. उजव्या बाजूला पाठीत श्वासाचा आवाज कमी येतो हे आपण स्टेथोस्कोपने हेरलेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलेत. कर्करोगामुळे फुफ्फुसाभोवती पाणी साचले होते. सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालून एक लिटरच्या आसपास पाणी काढले. आईला खोकला सुरू होताच डॉक्टर थांबले, तेव्हा "सगळेच का काढत नाहीत?" म्हणून मी अस्वस्थ झाले होते, दबलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्यातच पाणी भरण्याचा धोका असतो, हे आपण मला समजावलेत. पाणी पुन्हा भरले, तेव्हा छातीत कायमची बारीक नळी बसवली गेली आणि ते घरीच बाटलीत काढायला आपण मला शिकवलेत. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते. आपण माझा हात धरला नाहीत, फक्त शेजारी बसून राहिलात, आणि त्यामुळेच दुसऱ्या वेळी मला ते एकटीने जमले.

मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक औषधाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. आधीच्या ठिकाणी आईला दम लागत असताना "आता काही करण्यासारखे नाही" एवढेच सांगून घरी पाठवले होते आणि मॉर्फिनचे नावही कोणी काढले नव्हते; त्या तीन आठवड्यांची हळहळ अजून जात नाही. आपल्या डॉक्टरांनी ते सुचवले तेव्हा माझा भाऊ संतापला, कारण मॉर्फिन म्हणजे शेवट अशीच आमची समजूत होती. आपण त्याच्याशी तासभर बोललात. दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, दर चार तासांनी; एवढ्या मात्रेने श्वास थांबत नाही, श्वास अपुरा पडतो आहे ही मेंदूला होणारी जाणीव मंदावते, हे आपण त्याला पटवून दिलेत. बद्धकोष्ठतेचे औषध त्याच दिवसापासून द्यायचे आणि पहिले दोन-तीन दिवस गुंगी वा मळमळ वाटली तर घाबरायचे नाही, हे वहीत लिहूनही दिलेत. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कडक कायद्यामुळे हे औषध कित्येक वर्षे रुग्णांपर्यंत पोहोचणेच अवघड होते आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर झाली, हेही मला आपल्याकडूनच कळले. कायदा बदलला तरी घराघरांतली भीती आपल्यासारख्यांनाच समोर बसून घालवावी लागते.

चौथ्या दिवशी आईने खिडकीशी बसून मेथीची जुडी निवडली आणि मध्ये न थांबता एक अख्खे वाक्य बोलली: "भाजीत लसूण जास्त घाल, मागच्या वेळी कमी पडला होता." भाऊ उठून आतल्या खोलीत गेला. त्यानंतर औषधाच्या वेळेचा गजर तोच लावू लागला.

पुढे आजार वाढतच गेला. तो थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते आणि आपण तसे कधी भासवलेही नाहीत. अखेरच्या रात्री मात्र आई उशांना टेकून शांत झोपली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती नव्हती.

उरलेल्या गोळ्या आपण मोजून परत नेल्यात. टेबलफॅन आणि मोरीतले स्टूल मी स्वच्छ करून या पत्रासोबत पाठवत आहे. फॅनचे तीन नंबरचे बटण जरा जोराने दाबावे लागते, पण आईला तोच वेग मानवत असे.

आपली कृतज्ञ,
काकूंची मुलगी